हाहाकार कितपत खरा: मावशीचा अहवाल

चि. बारकू (सध्या वजन किती?) यास तुझ्या एकुलत्या एक मावशीचे पोटभर आशीर्वाद. कचेरीत तुला मुख्य उपसंपादकसाहेब म्हणत असतील तर म्हणोत बापडे. ज्या पोराला मी बादलीत बसवून चादरींच्या उरलेल्या फेसात घोळून काढलं आहे, त्याला साहेब म्हणायला माझी जीभ वळत नाही. तू, सूनबाई आणि चिमणी खुशाल असाल. चिमणीचा पुढचा दात पडल्याचं कळलं. (फोनवर ‘शाळा’ म्हणायला सांगितलं की शिट्टी वाजते. मी तीनदा म्हणायला लावलं.) इकडे आम्ही ठीक. तुझ्या काकांचा खांदा दुखतो, पण दुखतो असं ते कबूल करत नाहीत. हल्ली शर्टांची उजवी बाही कडक आणि डावी चुरगळलेली निघते, त्यावरून मी ओळखते. माझे गुडघे गच्चीचा जिना चढताना असे काही बोलतात की खालच्या गिऱ्हाइकांना वाटतं वर कुणाचं भांडण चाललंय. पण माझं मेलीचं काय घेऊन बसलास, कामाचं बोलू.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. इतकं छापील, समासबिमास सोडलेलं पत्र तू मला पहिल्यांदाच पाठवलंस, म्हणून आधी वाटलं दुसऱ्याच कुणाच्या मावशीचं चुकून आलं. ‘स्थानिक वार्ताहराच्या तीव्र हवामानविषयक वृत्तांकनाच्या विश्वासार्हतेचे मूल्यमापन’ हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा काकांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, कोण गेलं? दोनदा वाचल्यावर मतलब कळला तो असा: हाहाकारबद्दल तुमच्याकडे तीन तक्रारी आल्या आहेत. तुमचे वरचे साहेब म्हणतात, हा माणूस उगाच गाव घाबरवतो, तेव्हा येत्या सोमवारच्या बैठकीत त्याला काढू आणि त्याच्या जागी मशीन लावू, ते आकाशातून आकडे घेऊन आपोआप इशारे पाठवेल. त्याआधी गावातल्याच एखाद्या निःपक्षपाती माणसाने त्याच्या बातम्या खऱ्या किती आणि खोट्या किती ते तपासावं आणि दहापैकी गुण द्यावेत. निःपक्षपाती म्हणून तुला मी आठवले! लहानपणी कॅरम खेळताना तुझ्यासाठी राणी हळूच भोकात ढकलून देणारी बाई कोण होती, हे तू विसरलास की काय? पण तू विश्वासाने काम सांगितलंस, म्हणून मी पदर खोचून कामाला लागले.

हाहाकारला तू फक्त फोनवर ऐकलं आहेस, म्हणून तो दिसतो कसा ते आधी सांगते. वय असेल अडतीस-चाळीस, अंगाने छत्रीच्या काडीएवढा, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली, आणि स्कूटर अशी की ती दिसायच्या आधीच रस्त्यातली कुत्री उठून बाजूला होतात. राहतो चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत, आणि तरी ती दांडी बदलून घ्यायला त्याला सहा वर्षांत सवड झालेली नाही. खोलीत एक कॉट, एक टेबल, दोन फोन आणि भिंतीवर आजूबाजूच्या गावांचा नकाशा, त्यावर पेन्सिलीने काढलेले वाऱ्याचे बाण. लग्न झालेलं नाही. (मी दोन मुली सुचवल्या. एकीच्या घरी गेला आणि तिच्या वडिलांना गच्चीवरचा पत्रा सैल आहे म्हणून पाऊण तास सुनावून आला.) त्याचं खरं नाव टपालवाला सोडला तर कुणाला आठवत नाही. ‘सर्वत्र हाहाकार’ हे दोन शब्द लिहिल्याशिवाय त्याच्या बातमीला पूर्णविराम मिळत नाही, म्हणून गाव त्याला हाहाकार म्हणतं, आणि तोही बिचारा ओ देतो. तो खोलीत बसून इशारा लिहितो, तो इशारा तुमच्या टेबलावर जातो, तुम्ही त्याला धुऊन, पिळून, इस्त्री करून परत आमच्याच मोबाईलवर पाठवता. या उपद्व्यापाला वीस मिनिटं लागतात. खिडकीतून ओरडला असता तर एका मिनिटात झालं असतं, असं काका म्हणतात, पण काकांना छापील गोष्टीचं महत्त्व कळत नाही.

आता माझी तपासणीची पद्धत. तुमच्या मशीनला हसायची हिंमत असेल तरच पुढे वाच. आपल्या गच्चीवर सोळा दोऱ्या आहेत हे तुला ठाऊक आहे. (त्यातल्या सातवीला लोंबकळून तू आपटला होतास.) दवाखान्याच्या आणि दोन लॉजच्या चादरी रोज त्यांच्यावर वाळतात, म्हणजे हवा ही आमच्या धंद्यातली तिसरी भागीदार. वहीच्या मागच्या पानांवर त्या दिवशीचा वारा लिहायची मला तीस वर्षांची सवय आहे, आणि तो मी चिमट्यांत मोजते. चादरीच्या कोपऱ्याला एक चिमटा पुरला तर एक चिमट्याचा वारा, दोन लागले तर दोन चिमट्यांचा, तीन लावूनही चादर शेजारच्या गच्चीशी बोलायला लागली तर चादरी खाली. त्यापलीकडे गेलं तर दोऱ्याही सोडून आणायच्या, कारण मग दोरीसकट खांब जातो. मी गेल्या सहा महिन्यांची वही काढली, फोनमधले सहा महिन्यांचे इशारे काढले, काकांना समोर बसवलं आणि ताळा बसवायला सुरुवात केली. काकांनी तारीख वाचायची, मी इशारा वाचायचा, मग काकांनी चिमटे सांगायचे. गिऱ्हाईक दारात खोळंबलं तरी आम्ही हललो नाही.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तुझ्या वार्ताहराची पुरती अब्रू गेली. ‘भीषण वादळ’ असं लिहिलेल्या एकोणीस दिवसांपैकी अठरा दिवस माझ्या वहीत एक चिमटा! एका दिवशी तर काकांनी वाचलं, ‘हवा नाही, चादरी उशिरा वाळल्या.’ मग मी जागेवर जाऊन शहानिशा करायचं ठरवलं. ‘बसथांब्याजवळ वृक्ष उन्मळून पडला’ अशी बातमी होती. गेले. वृक्ष म्हणजे न्हाव्याच्या दुकानाबाहेरचं कुंडीतलं लिंबाचं झाड निघालं, आणि ते उन्मळलं होतं कुंडीसकट. मी हाहाकारला गाठून जाब विचारला तर म्हणतो, मावशी, वनस्पतिशास्त्रात तो वृक्षच. ‘लिंबाएवढ्या गारा पडल्या’ ही दुसरी बातमी. त्यासाठी पुरावा आहे म्हणाला आणि मला औषधाच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या फ्रीझरमध्ये इंजेक्शनांच्या शेजारी त्याने एक गार ठेवली होती. बघते तर खरंच लिंबाएवढी! मी हात जोडणार, तेवढ्यात औषधवाला हळूच म्हणाला की ठेवली तेव्हा वाटाण्याएवढी होती, फ्रीझरमध्ये तिच्यावर बर्फ चढतोय, आणखी महिनाभर राहिली तर संत्र्याची बातमी येईल. आणि त्याच्या बहुतेक बातम्यांत एक ज्येष्ठ रहिवासी असतात, त्यांच्या मते ‘असा वारा गेल्या चाळीस वर्षांत झाला नाही’. ते ज्येष्ठ रहिवासी म्हणजे मी. मी हे दरवर्षी म्हणते, तो दरवर्षी छापतो, आमचं बरं चाललंय.

एवढं झाल्यावर मी दहापैकी दोन गुण लिहून पाकीट चिकटवणार होते. पण काकांनी (जे महिन्यातून एकदा बोलतात आणि नेमकं बोलतात) विचारलं, की तो इतकं खोटं लिहितो तर आपल्या चादरी कधी भिजल्या का? मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. बारकू, सहा महिन्यांत एकदाही नाही. मग माझ्या लक्षात आलं की ‘भीषण’ असा इशारा आला की मी न बघता एक चिमटा लावते. ‘अतिभीषण’ आला की दोन. ‘हाहाकार’ आला की तीन लावून डोळा ठेवते. हा हिशोब मला कुणी शिकवलेला नाही, हाताला लागला आहे. मग मी गावभर विचारत सुटले, तर काय सांगू, घरोघरी हेच. बालवाडीच्या मोठ्या बाईंकडे ‘भीषण’ म्हणजे मुलांना मैदानात सोडायचं, ‘अतिभीषण’ म्हणजे व्हरांड्यात, ‘हाहाकार’ म्हणजे वर्गात खिडक्या लावून. न्हावी ‘अतिभीषण’ला बाहेरची खुर्ची आत घेतो आणि ‘भीषण’ला हातसुद्धा लावत नाही. चष्मेवाला म्हणाला, मावशी, आम्ही त्याच्यातून एक पायरी वजा करतो, लहान मुलंसुद्धा करतात. म्हणजे तो चढवून लिहितो, गाव उतरवून वाचतं, आणि मधोमध बरोबर वारा सापडतो.

तो असं का करतो, तेही मी त्याच्या कॉटवर बसून, त्याने केलेला पाणचट चहा पिऊन, काढून घेतलं. सहा वर्षांपूर्वी नवा असताना त्याने एकदा खरं तेवढंच लिहिलं होतं, ‘दुपारनंतर मध्यम स्वरूपाचा वारा अपेक्षित.’ गावाने ते वाचलं आणि जांभई दिली. दुपारी वारा आला, अगदी मध्यम, आणि दुकानाबाहेर उभ्या करून ठेवलेल्या फळ्या सुताराच्याच अंगावर आल्या. हात मोडला. हाहाकार दवाखान्यात भेटायला गेला तर सुतार त्यालाच म्हणतो, अरे, मध्यम लिहिलं होतंस ना तू, मध्यमला कोण उठतो? त्या दिवसापासून त्याने एक पायरी चढवायला सुरुवात केली. मी विचारलं, मग खरोखरच मोठं वादळ आलं तर वर चढायला पायरी उरली कुठे? तो म्हणाला, तेव्हा उतरायचं. चार वर्षांपूर्वी नदीला लोंढा आला तेव्हा त्याने फक्त तीन शब्द पाठवले होते, ‘पूल ओलांडू नका.’ ना भीषण, ना हाहाकार. मला तो दिवस आठवतो. नुसते तीन शब्द बघून माझ्या हातातली बादली खाली गेली होती. त्या दिवशी पुलावर चिटपाखरू नव्हतं आणि तासाभरात पुलाचा कठडा वाहून गेला. तेव्हापासून गावाला पक्कं ठाऊक आहे, की विशेषण असलं तर चिमटा लावायचा आणि विशेषण नसलं तर जीव वाचवायचा.

आता तुझ्या तीन तक्रारींकडे येते. (पाठ टेकून बस, आणि शेजारी कुणी असेल तर त्याला चहाला पाठव.) तिन्ही तक्रारींच्या तारखा तू दिल्या होत्यास. त्या तिन्ही दिवशी माझ्या फोनवर आलेला इशारा असा: ‘वादळ येण्याची शक्यता. घरात थांबावे.’ बस्स. एक विशेषण नाही! गावाची काय अवस्था झाली असेल ते तूच ठरव. बालवाडीने मुलांना घरी पाठवलं. दातांच्या डॉक्टरांनी एका माणसाला तोंड उघड्या अवस्थेत खुर्चीत सोडून दवाखान्याचं शटर ओढलं आणि मग आठवण आली म्हणून परत उघडलं. आम्ही दोघांनी सोळाच्या सोळा दोऱ्या सोडल्या, एकशे चाळीस ओल्या चादरी खाली आणून कोंबल्या, त्यांना कुबट वास आला, सगळ्या पुन्हा धुतल्या. आणि बाहेर काय? लख्ख ऊन. वारा जेमतेम एका चिमट्याचा. तिसऱ्या वेळेला तर लोक घरात बसून इतके चिडले की संध्याकाळी हाहाकार टपरीवर चहाला आला तेव्हा कुणी त्याच्यासाठी बाकावर सरकलं नाही. मीही सरकले नाही.

म्हणून मी त्याच्या खोलीवर जाऊन तावातावाने त्याने पाठवलेली मूळ प्रत मागितली. त्याने निमूटपणे काढून दिली. त्यात लिहिलं होतं, ‘गावाला भीषण वादळाचा तडाखा बसण्याची भयावह शक्यता, नागरिकांनी शक्यतो घरात थांबावे.’ (हे शेपूट तो सगळ्याच इशाऱ्यांना लावतो, आपण पत्राखाली ‘काळजी घ्या’ लिहितो तसं. ते कुणी वाचत नाही.) म्हणजे त्याने एक चिमटाच पाठवला होता रे! मग ‘भीषण’ गेलं कुठे? त्याने भिंतीकडे बोट केलं. नकाशाच्या शेजारी तुमच्या कचेरीचं पत्रक टाचणीने लावलेलं होतं, की विशेषणे अनावश्यक आहेत आणि यापुढे ती टेबलावर काढून टाकण्यात येतील. खाली सही होती. ती लफ्फेदार सही मी ओळखणार नाही तर कोण ओळखेल, गृहपाठाच्या वहीवर माझी खोटी सही करता करताच तू ती गिरवायला शिकलास. पत्रकाची तारीख पहिल्या तक्रारीच्या दोन दिवस आधीची. म्हणजे बारकू, गाव घाबरवणारा माणूस आम्हाला सापडला, तो तुझ्याच खुर्चीत बसतो, आणि त्याचा पगार वाढला म्हणून मी गेल्या महिन्यात गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले होते.

तू रागावू नकोस. मीही रागावले नाही, म्हणजे रागावले होते, पण दोन बादल्या चादरी आपटल्यावर निवळले. शहरात बसून तुला काय कळणार की इथे एकेक विशेषण म्हणजे एकेक चिमटा आहे. पण एक गोष्ट मला लागली, ती सांगतेच. मी त्याला म्हटलं, अरे, हे तू कचेरीत सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, दोनदा फोन केला होता, साहेब कामात होते, नंतर बोलू म्हणाले. आणि वर तुझीच बाजू घेतो, की साहेबांचं बरोबर आहे, माझी भाषा जरा सुधारायलाच पाहिजे. तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलला नाही. मला तेव्हा तुझा कान पिरगाळावासा वाटला, पण तो हाताच्या टप्प्यात नव्हता.

हे सगळं गेल्या मंगळवारी. गुरुवारी काय झालं ते तू तुमच्याच पेपरात वाचलं असशील, पण तिथे ते एका ओळीत आहे, म्हणून मी नीट सांगते. दुपारचा दीड वाजला होता, ऊन होतं, वहीत मी ‘एक चिमटा’ लिहून मोकळी झाले होते. हाहाकारला पश्चिमेकडच्या गावांतले वार्ताहर फोन करतात, तो त्यांना करतो, ही त्याची रोजची रीत. त्या दिवशी दोघांनी सांगितलं की त्यांच्याकडे विजेचे खांब आडवे झालेत, आणि तिसऱ्या गावाचा फोन लागेना. आपल्याकडे पोचायला तासभर. आता त्याची पंचाईत बघ. विशेषणं लावून पाठवावं तर तुम्ही ती काढणार. साधं पाठवावं तर गाव तीनदा फसलेलं, चौथ्यांदा कोण हलणार? काहीही पाठवलं तरी आमच्या फोनवर तीच ओळ येणार होती, जी आम्ही चिडून पुसून टाकायला शिकलो होतो. त्याने तरी नियमाप्रमाणे इशारा पाठवला. तो आला, मी वाचला, ‘हं’ म्हटलं आणि फोन साबणाच्या डब्यावर ठेवला.

पाच मिनिटांत स्कूटर दारात. हाहाकार आत आला, नेहमीसारखा मावशी-मावशी करत नाही, चहाचं विचारत नाही, सरळ जिना चढून गच्चीवर. मी गुडघ्यांचं भांडण ऐकत त्याच्यामागे. वर जाऊन बघते तर तो पहिल्या दोरीची गाठ सोडत होता. मी विचारलं, काय रे, काय झालं? तो म्हणाला, ‘मावशी, दोऱ्या.’ एवढंच. या माणसाने माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा दोन शब्दांत बोलणं संपवलं होतं. त्याचा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दोरीची गाठ मी सोडायला घेतली. मी खाली काकांना हाक मारली ती अशी मारली की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. तोवर हाहाकार खाली उतरून न्हाव्याकडे, तिथून बालवाडीत, तिथून बसथांब्यावर. कुठेही भाषण नाही, आरडाओरडा नाही. बालवाडीत जाऊन त्याने म्हणे फक्त खिडक्या लावायला सुरुवात केली. आणि बारकू, गावात बातमी पसरली ती वादळाची नाही. ‘हाहाकार गप्प आहे’ ही बातमी पसरली. तुमच्या इशाऱ्याला वीस मिनिटं लागतात, हिला सात लागली. अर्ध्या तासात रस्त्यावर माणूस उरला नाही.

मग ते आलं. मी त्याचं वर्णन करत नाही, नाहीतर तू म्हणशील मावशी हाहाकारच्या वर गेली. बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर उठलं आणि बालवाडीच्या मैदानात जाऊन पडलं. मैदानात एकही मूल नव्हतं. मी ते आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून बघितलं. काकांनी माझा हात धरला होता, दुखऱ्या हाताने. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. सोळा दोऱ्यांचे चार खांब गेले, पण दोऱ्या आणि चादरी खाली होत्या. गावातलं एकही माणूस कमी झालं नाही.

आता मूल्यमापन. सहा महिन्यांतल्या सगळ्या बातम्या मी आणि काकांनी तपासल्या. चढवून लिहिलेल्या पुष्कळ, पण गावाला चकवलं अशी त्याने स्वतः लिहिलेली एकही नाही. सगळ्या तपासणीत साफ खोटं असं एकच वाक्य सापडलं, ते शुक्रवारच्या अंकात आहे. त्याची बातमी तू छापलीस तशी इथे उतरवते, ‘काल दुपारी वादळ आले. कोणीही जखमी नाही.’ हे खोटं आहे. शेवटची फेरी नदीकाठच्या घरांपाशी मारून येताना त्याची स्कूटर वाऱ्याने आडवी केली आणि त्याचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर मी डोळ्यांनी बघितलं आहे. (चष्म्याची दुसरी दांडीही मोडली, आता दोन्हीकडे तार आहे.) मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? तर म्हणाला, वार्ताहराला मोजत नाहीत. तुमच्याकडे असा नियम असेल तर तोही बदला.

तेव्हा माझे गुण: विशेषणं असताना दहापैकी दहा, विशेषणं नसताना दहापैकी दहा, आणि तुमच्या टेबलावरून आल्यावर तीन. तुझी प्रकृती सांभाळ, रोज थोडं चाल, सूनबाईंना आमची आठवण सांग आणि चिमणीचा दुसरा दात पडायच्या आत एकदा तिला घेऊन ये, कारण ती शिट्टी पुन्हा मिळायची नाही. खांब नवे बसवून होतील तोवर चादरी व्हरांड्यात वाळताहेत, त्यामुळे दारातून आत यायला वाकावं लागेल.

तुझी,
मावशी
(आणि काका. सही करा म्हटलं तर इस्त्री चालू आहे म्हणाले.)

ता.क. पत्रासोबत आलेल्या तुमच्या अर्जात ‘मूल्यमापन करणाऱ्याचा संबंधित वार्ताहराशी काही संबंध आहे काय’ असा एक रकाना होता. मी तिथे ‘नाही’ लिहिलं आहे. तो रोज सकाळी फाटकातून ‘मावशी, आज किती?’ असं ओरडतो आणि मी वरून बोटांनी चिमटे दाखवते, ते तो लिहून घेतो. हा संबंध धरतात का, ते तुमच्या साहेबांना विचार. तू गेल्यापासून या घरावर दुसरं कुणी ओरडत नाही.

ता.क. २. अर्जाच्या रकान्यात खोटं लिहिलंच आहे, तर दुसरंही सांगून टाकते. तुझ्याकडे आलेल्या तीन तक्रारींपैकी दातांच्या डॉक्टरांची तेवढी खरी त्यांची आहे. जिच्यावर ‘एक त्रस्त नागरिक’ अशी सही आहे ती माझी. जिच्यावर ‘आणखी एक त्रस्त नागरिक’ अशी सही आहे, तीही माझीच. चादरींचा राग होता, दुसरं काय. काल मी तोंड पाडून हाहाकारला हे सांगायला गेले. तो प्लास्टरवर नकाशातले बाण काढत बसला होता. म्हणाला, ‘माहीत आहे, मावशी. कचेरीने मला तक्रारींच्या प्रती पाठवल्या होत्या. एकशे चाळीस चादरी पुन्हा धुवाव्या लागलेला दुसरा त्रस्त नागरिक गावात कुठे आहे?’ म्हणजे गुरुवारी त्याला हे ठाऊक होतं. ठाऊक असून तो सगळ्यांत आधी माझ्या गच्चीवर आला.

ता.क. ३. माझ्या दोन्ही तक्रारी फाडून टाक. बैठकीत काय सांगायचं ते तू जाण, वरचं सगळं लांबलंय, त्यातलं हवं तेवढं काप. एवढं ठेव:

त्याला काढू नकोस रे.